महानंदाक्कांची जागी भाजी

चि. अन्वय आणि चि. ईशा,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी मला एक साधी गोष्ट विचारलीत. सुट्टीत इथे आला होतात तेव्हा खाल्लेली कोबी, गाजर आणि घेवड्याची ती कुरकुरीत भाजी कशी करतात? भाताबरोबर चटकन होईल असं काहीतरी तुम्हाला हवं होतं. ईशाने वर बजावलं, की आजी, नेहमीसारखं क्रमवार लिही, आकडे घालून.

मी लिहायला बसले. माझी फाईल तुम्ही पाहिली आहे. शाळेत इंग्रजी शिकवत होते तेव्हापासूनची सवय, प्रत्येक पदार्थाला एक पान, वर नाव, डावीकडे साहित्य, उजवीकडे कृती. या भाजीचं पान मात्र दोनदा लिहिलं आणि दोनदा काढून टाकलं. प्रमाण बरोबर होतं, वेळ बरोबर होती, पण वाचून पाहिलं की वाटायचं, हे खरं नाही. ही भाजी मी महानंदाक्कांकडून शिकले आणि महानंदाक्का ती माझ्याकडून शिकल्या. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. म्हणून आधी त्यांच्याबद्दल लिहिते. नीट क्रमाने जमेल असं नाही, कारण इतक्या वर्षांत मला त्या नीट कळल्या असंही नाही.

महानंदाक्का आमच्याच अणदूरच्या. गेल्या वर्षी त्या गेल्या. लग्न, बारसं, वास्तुशांत, कुणाकडेही पंगत असली की स्वयंपाकाला त्याच. हाताखाली पाच बायका. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि काखेत कापडात गुंडाळलेलं स्वतःचं उलथनं. दुसऱ्याच्या उलथन्याने त्या कधी परतत नसत. माहेर सीमेपलीकडचं, कानडी. माणसांशी मराठीत बोलायच्या आणि भांड्यांशी कानडीत. एखादं पातेलं लागलं, करपलं, की त्याला त्या जे काय ऐकवायच्या त्याचा अर्थ मी एकदा विचारला. म्हणाल्या, "तुमी शिकलेल्या बाई. तुमाला कशाला पायजे त्ये?"

त्यांचा एक नियम होता. देवाला नैवेद्य दाखवून पहिली पंगत उठेपर्यंत जिभेला काही लावायचं नाही. हा नियम आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे, पण चार माणसांच्या स्वयंपाकात तो पाळणं वेगळं आणि चारशे माणसांच्या आमटीत वेगळं. मी विचारलं, न चाखता मीठ कसं कळतं? वासानं, म्हणाल्या. तिखट? शिंकेनं. आणि भाजी शिजली हे? त्यावर त्यांनी नुसता कान कढईकडे केला. ओली भाजी तेलात पडली की बोलते, पाणी आटत गेलं तशी तिची बोली बदलते, आणि तो बदल ओळखणारा माणूस म्हणजे स्वयंपाकी, असं काहीसं त्यांचं शास्त्र होतं. मी ते वहीत उतरवून घ्यायचा प्रयत्न केला. चार आवाजांपलीकडे मला काही वेगळं ऐकू आलं नाही.

माणसं मोजायची पद्धतही त्यांचीच. घरमालक म्हणायचा दोनशे. त्या मांडवाच्या तोंडाशी जाऊन चपलांच्या ढिगाकडे एकदा बघायच्या आणि भात किती चढवायचा ते ठरवायच्या. एका बारशाला त्यांनी दोनशे साठ सांगितले. मोजल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही, म्हणून मी पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवून मोजलं. दोनशे अठ्ठावन्न. विजयी चेहऱ्याने जाऊन सांगितलं. त्या पोळी उलटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दोगं अजून हात धुवायलेत." मी मागे जाऊन पाहिलं. दोघं हात धूत होते.

आणि सरळ विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर, हे त्यांच्याकडून कुणाला मिळालं असेल तर मला ठाऊक नाही. आमच्या शेजारच्या नव्या सुनेने विचारलं, अक्का, पुरणाला गूळ किती घालू? अक्कांनी विचारलं, सासू कशी हाय? सून बिचारी गप्प घरी गेली. ती थट्टा होती की खरंच काही हिशेब होता, याचा मी आठवडाभर विचार केला. पुढे त्या सुनेचं पुरण गावात नावाजलं गेलं, त्यामुळे माझा गोंधळ वाढलाच.

आता त्या भाजीकडे येते.

गावातले शिवराजअण्णा. त्यांची मुलगी गौरी पुण्याला नोकरी करते. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिला सोलापूरचा केटरर हवा होता, उभ्याने जेवायची पद्धत आणि चायनीजही हवं होतं. अण्णांना मात्र पत्रावळीवरची पंगत आणि अक्कांचाच हात हवा होता. बरीच रुसारुशी होऊन तडजोड झाली. पंगत राहणार, स्वयंपाक अक्काच करणार, पण पानावर एक पदार्थ गौरीच्या पसंतीचा, मोठ्या आचेवर झटपट परतलेल्या भाज्यांचा. अण्णांनी अक्कांना स्पष्ट सांगितलं होतं, की घरात अजून तीन लग्नं आहेत. हे पार पडलं तर तिन्ही तुमची. नाही जमलं तर पोरं माझं ऐकणार नाहीत, सोलापूरवाला येईल. आणि एकदा एका मोठ्या घरात तो आला की बाकीच्यांकडेही तोच येणार, हे अक्कांच्या पाच बायकांनासुद्धा कळत होतं.

गौरीने दिलेला इंग्रजी कागद आणि काळ्या पाण्याची एक बाटली घेऊन अक्का माझ्याकडे आल्या. मी वाचलं आणि मराठीत सांगितलं. कोबी, गाजर, घेवडा, ढोबळी मिरची सगळं लांब आणि सारखं चिरायचं. तेल धुरावेपर्यंत तापवायचं. आलं, लसूण, मग भाज्या, दोन-तीन मिनिटं सतत हलवायच्या, शेवटी सोया सॉस, कांद्याची पात आणि तीळ. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. सोया सॉस म्हणजे सोयाबीनचं, असं सांगितल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"सोयाबीन तर सगळ्या शिवारात हाय. त्याला इतकं काळं कुनी केलं?"

बाटलीतला थेंब त्यांनी तळहातावर घेतला, वास घेतला आणि म्हणाल्या, "काकवीत मीठ पडलंय." चाखला मात्र नाही. हा काही नैवेद्य नव्हता, माझं स्वयंपाकघर होतं, तरीही नाही. मी आग्रह केला तर म्हणाल्या, एकदा जिभेला सवय लागली की ऐन वेळी कान काम करत नाही. म्हणून चाखायचं काम माझ्याकडे आलं.

मी घड्याळ समोर ठेवलं. पहिल्या वेळी गॅसवर केलेली भाजी कोमेजली, घेवडा तेवढा दातांखाली राहिला. अक्का म्हणाल्या, जाळ कमी पडला. दुसऱ्या वेळीही तेच. मग त्या कढई उचलून सरळ परसात गेल्या, तीन दगड मांडले आणि कुंपणाला रचलेल्या तुराट्या आणून पेटवल्या. तुराट्या म्हणजे तुरीची वाळलेली काटकं. त्यांचा जाळ एकदम उंच उठतो आणि पाच मिनिटांत राख होते. वरण शिजवायला त्या निरुपयोगी, म्हणून आम्ही त्या फक्त चूल पेटवायला वापरतो. अक्कांनी करडईचं तेल तापवलं, दोन मुठी भाज्या टाकल्या, कान पुढे केला, आणि मी "दोन मिनिटं" म्हणायच्या आत कढई खाली उतरवली.

मी खाल्ली. वास सुरेख होता, किंचित धुराचा. पण मी आपल्या लोकांसारखीच. म्हणाले, "अक्का, कच्ची आहे."

"कच्ची न्हाय बाई," त्या म्हणाल्या. "जागी हाय."

तुमच्यासाठी कृती म्हणून सांगायचं तर एवढंच आहे. कढई भरायची नाही, एका वेळी दोन मुठी, त्याहून जास्त नाही. भाज्या धुऊन पूर्ण कोरड्या करा. तुमच्याकडे तुराट्या कुठून येणार, पण शेगडी पूर्ण मोठी ठेवा आणि लोखंडी कढई घ्या. सॉसमध्ये मीठ असतं, वेगळं घालू नका. आणि खाणारी माणसं टेबलाशी येऊन बसल्यावरच कढई तापवायला घ्या. हे शेवटचं वाक्य कुठल्याही पुस्तकात मला सापडलं नाही.

यापुढे जी चूक झाली ती माझी. मी रेघा मारलेल्या कागदावर अक्कांसाठी एक तक्ता केला. मूळ कृती चार माणसांची, लग्नाला चारशे येणार, म्हणून प्रत्येक आकड्याला शंभरने गुणलं. अक्कांनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला. मग विचारलं, "बाई, चार मानसांची भाजी शंभरदा करायची, का चारशे मानसांची एकदा?" मी हसले. म्हणाले, अक्का, दोन्हींचं उत्तर एकच येतं. त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून की नाही म्हणून, ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटतं, गणितात मी त्यांना हरवलं असं त्यांना वाटलं. किंवा मला वाईट वाटू नये म्हणून त्या गप्प बसल्या असतील.

लग्नाच्या सकाळी त्यांनी तक्त्याबरहुकूम मोठ्या कढईत पहिला घाणा घातला. मी शेजारी उभी होते. जाळ भरपूर होता, पण एवढ्या कोबीखाली तो दबून गेला. थोड्या वेळात कढईच्या कडेने पाणी वर आलं. अक्कांनी कान लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. "रडायलीय," एवढंच म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. त्या पाण्यात त्यांनी बेसन पेरलं, हिरवी मिरची ठेचून घातली, आणि तो सगळा ऐवज झुणका म्हणून वाजंत्री आणि गाड्यांच्या ड्रायव्हरांना वाढायला लावला. पुढे कित्येक दिवस ते ड्रायव्हर त्या झुणक्याचं नाव काढत होते. मांडवात बसलेल्यांना तो मिळाला नाही याची हळहळ वेगळी.

अक्षता पडायला तासभर होता. अक्कांनी मांडवामागे सहा चुली मांडल्या, प्रत्येकीवर घरगुती कढई, प्रत्येकीपाशी एक बाई, आणि मध्ये तुराट्यांचे भारे. सहावी चूल त्यांची स्वतःची. माझा तक्ता कुठे गेला ते मी विचारलं नाही. पेटवायच्या कामी आला असेल तर तेही बरोबरच होतं.

पण खरी अडचण पुढे होती आणि ती मला दिसलीच नव्हती. आपल्या पंगतीत शेवटच्या पानावर शेवटचा पदार्थ पडेपर्यंत कुणी घास उचलत नाही. पहिल्या पानावर स्वामी बसतात, म्हणजे घराण्याचे लिंगायत गुरू, जंगम. सगळी पानं भरली की "हर हर महादेव" होतं, स्वामी पहिला घास घेतात आणि मग पंगत सुरू होते. शंभर पानांची ओळ भरायला वेळ लागतो. वरणभात थांबतो, पुरण थांबतं. ही भाजी थांबत नाही. आधीच ती डावीकडे कोशिंबिरीपाशी वाढायची की उजवीकडे भाजीच्या जागी, यावरून वाढप्यांत वाद होता आणि अर्ध्या पानांवर ती डावीकडे, अर्ध्यांवर उजवीकडे पडत होती.

स्वामींच्या पानावर भाजी पडली. वाढपी पुढे सरकले. आणि मांडवाच्या मागून अक्का बाहेर आल्या. स्वयंपाकीण पंगतीपुढे येत नाही. त्या आल्या, हात कोपरापर्यंत काळे, पदर खोचलेला, आणि स्वामींच्या पानासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"स्वामी, तुमी सुरू करा."

स्वामी वयस्कर होते. त्यांना नीट ऐकू गेलं नाही असं वाटून त्यांनी मान वर केली. "अजून पानं भरायची हायत की."

"भरत्याल. पर तुमच्या पानावरची तवर मरून जाईल. मागनं जसं ज्याच्या पानावर पडंल तसं त्यानं खावं. आज एवढं माजं ऐका."

वाढप्यांचे हात होते तिथे थांबले. शिवराजअण्णांचा चेहरा लाल झाला होता. स्वामींनी अक्कांना कानडीत काहीतरी विचारलं, अक्कांनी कानडीत दोन शब्दांत उत्तर दिलं. ते काय होतं हे मला कधीच कळलं नाही. पुढे मी दोघांनाही विचारलं. दोघांनी विषय बदलला. स्वामींनी डोळे मिटले, गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि गाजराची एक फोड उचलून तोंडात टाकली. त्या शांततेत त्यांच्या चावण्याचा आवाज मला ऐकू आला.

पुढे जे झालं त्याला पंगत म्हणावं का हे मला सांगता येत नाही. काहींनी सुरुवात केली. काही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. काहींना वाटलं "हर हर महादेव" झालं असावं आणि आपल्याला ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी थेट भाताला हात घातला. एक म्हातारे पानावरून उठायला लागले, त्यांना मुलाने खाली बसवलं. एका टोकाला लोक ताक मागत होते तेव्हा दुसऱ्या टोकाला मीठही पडलं नव्हतं. गौरी मात्र नवऱ्याशेजारी बसून ती भाजी खात होती आणि तिने दोनदा मागून घेतली. पुढच्या तीन पंगतींना अक्का बाहेर आल्या नाहीत. भाजी जशी पोचली तशी पोचली.

संध्याकाळी मी दिसेल त्याला विचारलं, कशी होती? कुणी म्हणालं, झकास. कुणी म्हणालं, चारा. अण्णांनी अक्कांना मानाचं लुगडं दिलं, हळदकुंकू लावून, सगळ्यांसमोर. म्हणून मी समजले, जमलं. महिन्याभराने स्वामींच्या मठातून निरोप आला, की सोमवारी ती भाजी करायला महानंदाला पाठवा. तेव्हा तर माझी खात्रीच झाली.

आणि मग अण्णांच्या पुतण्याचं लग्न ठरलं, जळकोटला हायवेवरच्या मंगल कार्यालयात, आणि स्वयंपाक सोलापूरच्या केटररला. मी अण्णांकडे गेले. रीतसर विचारलं, की तुम्ही शब्द दिला होता, भाजी बिघडली होती का?

"भाजी चांगली हुती बाई. लई चांगली हुती. पर त्या दिवशी माज्या दारात पंगत मोडली."

मी हे अक्कांना सांगितलं. माझ्या तक्त्याबद्दल माफी मागायचंही मनात होतं. त्या मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, बरोबर हाय त्यांचं. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, माजंबी बरोबर हाय. दोन्ही बरोबर कसं असेल, असं मी विचारलं, तर त्यांनी मला विचारलं, खंडोबा आपला का नळदुर्गचा? आपल्याकडचा खंडोबा वर्षातले काही महिने नळदुर्गला राहायला जातो, हे तुम्हाला मी सांगितलं होतं. पण हे त्या प्रश्नाचं उत्तर कसं, ते मला आजही सांगता येणार नाही. पुढची दोन्ही लग्नंही सोलापूरवाल्यानेच केली. अक्कांच्या बायकांपैकी दोघी त्याच्याकडे पोळ्या लाटायला लागल्या. अक्कांनी त्यांना अडवलं नाही.

मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते जळकोटच्या लग्नात. अण्णांनी स्वतः जाऊन त्यांना बोलावलं होतं, पाहुणी म्हणून. मानाचं लुगडं नेसून त्या माझ्याबरोबर जीपने आल्या. जेवणाच्या हॉलमध्ये एका बाजूला परतलेल्या भाज्यांचा काउंटर होता. मोठी शेगडी, छोटी कढई. तिथला माणूस मूठभर भाज्या टाकायचा, दोनदा उडवायचा आणि समोरच्याच्या ताटात ओतायचा. घेणारा तिथल्या तिथे उभ्याने खायला लागायचा. कुणी कुणासाठी थांबत नव्हतं. अक्का रांगेत माझ्यापुढे होत्या. त्यांना भाजी मिळाली आणि नेमका गॅस संपला. टाकी बदलेपर्यंत आम्ही बाकीचे ताट धरून उभे.

अक्का बाजूला होऊन खांबापाशी थांबल्या होत्या, ताट छातीशी धरून. मी हाताने खूण केली, खा. त्यांनी मान हलवली, नाही. मी पुन्हा खूण केली. त्या दुसरीकडे बघायला लागल्या. माझी भाजी मिळायला दहा मिनिटं तरी गेली. मी त्यांच्यापाशी गेले तेव्हा त्यांच्या ताटातला कोबी खाली बसला होता आणि कडेला पाणी सुटलं होतं.

"अक्का, खायची ना. गार झाली."

"तुमची येऊ दे म्हनलं."

माझ्या ताटातली घ्या म्हटलं, तर घेईनात. मी पहिला घास घेतल्यावर त्यांनी त्यांचा घेतला. मला विचारायचं होतं, की मग त्या दिवशी स्वामींना का थांबू दिलं नाहीत? पण तोंडात घास होता, भोवती गर्दी होती, आणि असला प्रश्न उभ्याने विचारायचा नसतो असं वाटलं. त्यांनी ती पाणी सुटलेली भाजी शेवटच्या फोडीपर्यंत संपवली. मग खरकटं ताट दोन्ही हातांत धरून, ते कुठे ठेवायचं असतं हे शोधत, त्या माणसांमधून पलीकडे गेल्या.